चाळिसाव्या निवडीची किंमत

ऑक्टोबरच्या पहिल्या मंगळवारी ओरेस्ट डॅनिल्युक नेहमीप्रमाणे पावणेसहाला उठला. त्याने ओटमील शिजत ठेवलं, खिडकीबाहेरच्या तापमापकात उणे चार पाहिलं, मोटारीच्या काचेवरचं हिव खरवडलं आणि आत येऊन कॉफीचे दोन मग भरले. दुसरा मग शेजारच्या एल्मर बोयकोचा. एल्मर सहा वाजून दहा मिनिटांनी मागच्या दाराने येई, टोपी न काढता बसे आणि हवामानाविषयी एक वाक्य बोले. एकतीस वर्षं हा क्रम चालू होता. वसंतात एल्मरची बायको गेली, तेव्हाही तो येत राहिला. ते वाक्य तेवढं तीन आठवडे बंद होतं.

त्या दिवशी मात्र बोलायला विषय ओरेस्टकडे होता.

"यंदा चषक आपल्या घरी," तो म्हणाला.

लारोंडेल गावात पन्नाशी ओलांडलेल्यांचे बर्फावरच्या हॉकीचे चार संघ होते. दर शरदात चाळीसही खेळाडूंची नव्याने वाटणी होई. चार कारभारी आळीपाळीने एकेक नाव उचलत. गतवर्षी जो तळाला, त्याला पहिली निवड. ओरेस्टचा संघ सलग तिसऱ्यांदा तळाला होता. कारभाऱ्यांत निवडींची आपसात अदलाबदलही चाले.

"पहिल्या निवडीला लोक उगाच डोक्यावर घेतात," ओरेस्ट म्हणाला. तो निवृत्त गणितशिक्षक होता. "मी बारा वर्षांचे गोल मोजले. पहिलीला शंभर गुण धरले, तर सहावीला एकसष्ट आणि अकरावीला एक्कावन्न. काल पहिली वेंडेल फ्रीजनला दिली आणि त्या दोन घेतल्या. बारा गुण निव्वळ फायदा."

"वेंडेल हसला का?"

"हसला. का रे?"

"काही नाही. वारा उत्तरेचा आहे."

नऊ वाजता ओरेस्टची बायको आयरीन चर्चच्या शरद-भोजनाची पत्रकं छापून आणायला निघाली. ओरेस्टने तिच्या हातात आपला गुणांचा तक्ता दिला. "याचीही एक प्रत काढ." तिने तो पत्रकाखाली ठेवला. नगरपालिकेतलं छपाईयंत्र नवं होतं आणि कागद वाचवण्याबाबत फार दक्ष होतं. दुपारपर्यंत गावातल्या तीनशे बारा टपालपेट्यांत तीनशे बारा पत्रकं पडली. एका बाजूला टर्की, कोबीची पानगुंडाळी आणि फळं भरून भाजलेली चार प्रकारची पाय-पेस्ट्री. दुसऱ्या बाजूला चाळीस निवडी, प्रत्येकीसमोर गेल्या वर्षी त्या जागी उचललेल्या माणसाचं नाव आणि त्याची किंमत.

काही म्हाताऱ्या बायकांना ती जेवणाच्या टेबलांची यादी वाटली. बाकी गावाला ती बरोबर समजली. औषधांच्या दुकानदाराला नववा नंबर मिळाला होता. त्याचा मेहुणा आठवा कसा, हे विचारायला तो दुकान उघडं टाकून आला. संध्याकाळी डॅनिल्युकांची घर तापवणारी भट्टी बंद पडली. दुरुस्ती करणाऱ्या ग्लेनने फोनवर शांतपणे ऐकून घेतलं. "तक्त्यात मी अडतिसावा, मास्तर. दोन गुण. दोन गुणांचा माणूस दोन आठवड्यांनी येतो."

आयरीन कोट घालून जेवायला बसली. "माझी किंमत किती लावलीस?"

"तुला तक्त्यात घातलेलं नाही."

"तेच बरं."

बुधवारी एल्मर सहा दहाला आला. त्याने घडी केलेलं पत्रक टेबलावर ठेवलं. चाळीस: एल्मर बोयको, शून्य.

"शून्य म्हणजे शून्यच, की पुढे काही आहे?"

ओरेस्ट आयुष्यात गणिताच्या बाबतीत खोटं बोलला नव्हता. "शून्य पूर्णांक चार शतांश. मी पूर्णांकात लिहिलं."

"जागा नव्हती?"

"जागा होती."

एल्मरने कॉफी संपवली, मग विसळला. "यंदा मी नाव देत नाही. मैदानावर पाणी सोडून बर्फ धरायचं काम करीन, ते ठरलेलंच आहे. पण खेळायला नको."

हवामानाचं वाक्य न बोलता तो गेला. गुरुवारी तो आला नाही. शुक्रवारीही नाही. भरलेला मग सात वाजेपर्यंत टेबलावर राहिला. मग आयरीनने तो मोरीत ओतला आणि नवऱ्याकडे नुसतं पाहिलं. थंड घरात तसं पाहणं फार लांबपर्यंत पोचतं.

ओरेस्ट वेंडेलच्या टायरच्या दुकानात गेला. "तुझी सहावी आणि अकरावी परत घे. माझी पहिली मला दे."

वेंडेलने भिंतीवरचा तक्ता पाहिला. "म्हणजे बारा गुण मला फुकट? गणिताचा मास्तर फुकट देतोय, म्हणजे यात काहीतरी खोच आहे."

"खोच नाही."

"आहे. वर पुढच्या वर्षीची तुमची पहिली टाक."

"पुढच्या वर्षी आम्हाला पहिलीच मिळेल कशावरून?"

"मिळेल रे," वेंडेल म्हणाला. "तशी तू काळजीच घेतोयस."

ओरेस्टने सही केली.

शनिवारी निवडीसाठी सगळे मैदानाच्या वरच्या खोलीत जमले. काचेतून खाली एल्मर दिसत होता. लांब पाइप घेऊन तो बर्फावर पाण्याचा पातळ थर सोडत मागे मागे सरकत होता. पहिला कोण, याबद्दल कुणाला शंका नव्हती. रॉस तरुणपणी शहराच्या संघातून खेळला होता आणि त्याचे दोन्ही गुडघे अजून स्वतःचे होते. रॉस तर अर्धवट उठलाही.

"एल्मर बोयको," ओरेस्ट म्हणाला.

वेंडेलने पेन खाली ठेवलं. "त्यानं नाव दिलेलं नाही."

"गावात राहणाऱ्या कुणालाही उचलता येतं. नको असेल तर त्यानं स्वतः सांगायचं. नियम तूच लिहिलायस."

ओरेस्ट जर्सी घेऊन खाली उतरला. एल्मरने पाणी बंद केलं नाही.

"कितवा?"

"पहिला."

एल्मरने पाण्याची धार थोडी बाजूला वळवली. "मूर्खा, मी तुला चाळिसावा मिळालो असतो."

"तू नावच दिलं नव्हतंस."

"मग विचारायचं होतंस. एवढ्यासाठी रॉस घालवला?" त्याने जर्सी घेऊन खांद्यावर टाकली. "तक्ता बदललास?"

"नाही. तक्ता बरोबर आहे."

"मला वाटलंच," एल्मर समाधानाने म्हणाला आणि त्याने पाइपाचं मागचं टोक ओरेस्टच्या हाती दिलं. "हे धर, पीळ पडू देऊ नकोस. आज रात्री पारा उणे अकरावर जाणार आहे."