विम्यात बसणाऱ्या बाई

लिफ्ट तपासनिसाला लिफ्टची भीती बसली, ती त्यानेच पास केलेल्या लिफ्टमध्ये. दोन मजल्यांच्या मधे ती थांबली आणि थांबूनच राहिली. सोबत एक वयस्कर बाई होत्या. वेळ जावा म्हणून त्या भिंतीवरचं सुरक्षेचं प्रमाणपत्र वाचत होत्या.

"कोण हो हा मूर्ख, सही करणारा?" त्यांनी विचारलं.

"काही कल्पना नाही," तपासनीस म्हणाला आणि घाम पुसत राहिला.

त्या दिवसापासून लिफ्टचं दार उघडलं की त्याच्या छातीत धडधडायचं. तो जिना चढायचा, साहेबांना व्यायाम करतोय म्हणून सांगायचा आणि लिफ्ट बाहेरूनच कान लावून तपासायचा. पण पुढच्या महिन्यात शहरातला सगळ्यात उंच टॉवर तपासायचा होता, आणि तो कान लावून तपासण्यासारखा नव्हता. बायकोला सांगायची सोय नव्हती. नवरा लोखंडी दोरांना लोंबकळून काम करतो, असं ती सगळ्या नातेवाइकांना कौतुकाने सांगायची. शेवटी त्याने गुपचूप मानसतज्ज्ञ शोधायला घेतला.

पहिला भेटला तो शिंप्याच्या दुकानाच्या वरच्या खोलीत बसायचा. भिंतभर प्रमाणपत्रं होती. तपासनिसाने सवयीने त्यातली एक चौकट खाली उतरवून उजेडात धरली.

"हे तर शिबिराला हजर राहिल्याचं आहे."

"मग, होतोच की मी हजर," तो गृहस्थ म्हणाला.

दुसऱ्याच्या पदव्या अस्सल होत्या, अनुभव दांडगा होता, पण त्याच्याकडे विमा चालत नव्हता. "विमा कंपन्यांशी बोलून माझंच डोकं फिरतं," तो म्हणाला. तपासनिसाला ते पटलं, पण परवडलं नाही.

तिसऱ्या एक बाई होत्या. त्यांच्यात खोट काढायला त्याने जिवाचं रान केलं. नोंदणी क्रमांक मानसतज्ज्ञांच्या परिषदेकडून पडताळून घेतला. विद्यापीठात फोन करून त्या खरंच पास झाल्यात का ते विचारलं. तिथला कारकून वैतागून म्हणाला, "अहो, नोकरीला ठेवताय की लग्न ठरवताय?" तरी बाई सगळीकडून निर्दोष ठरल्या. राहता राहिला विमा. त्याने कंपनीला फोन लावला.

"हो सर, त्या बाई चालतात," पलीकडची मुलगी म्हणाली. "तुमच्याच पॉलिसीवर त्यांची बिलं वर्षभर मंजूर होतायत."

"माझ्या पॉलिसीवर? कोणाची बिलं?"

"ते गोपनीय असतं सर."

"अहो, पॉलिसी माझी आहे."

"पॉलिसी तुमची आहे सर. मन कोणाचं, ते सांगता येत नाही."

तपासनिसाने शांतपणे विचार केला. पॉलिसीत माणसं दोनच, तो आणि बायको. तो स्वतः गेलेला नव्हता, आणि बायकोला काही होण्यासारखं त्याला घरात काही दिसत नव्हतं. तेव्हा उघड होतं, हा घोटाळा होता. त्याने तिथल्या तिथे तक्रार नोंदवली. चौकशी होईपर्यंत बाईंची बिलं थांबवतो, असं कंपनीने कळवलं. त्या रात्री कित्येक आठवड्यांनी त्याला गाढ झोप लागली.

गुरुवारी बायको शाळेत शिकवून झालं की पोहायला जायची. या गुरुवारी ती लवकर परतली. तिने पिशवी खुर्चीवर टाकली आणि तशीच उभी राहिली.

"आज पोहणं नाही?" त्याने विचारलं.

"नाही. कोणीतरी तक्रार केलीय."

"तलावाची?"

तिने नकारार्थी मान हलवली. त्याच्या डोक्यात हळूहळू उजेड पडायला लागला.

"म्हणजे वर्षभर तू पोहायला जात नव्हतीस?"

"मला पोहता येत नाही," ती म्हणाली.

"आणि तो ओला टॉवेल?"

"नळाखाली धरायचे."

त्याने तिची पिशवी बाजूला सरकवली आणि त्या खुर्चीवर बसला. तिला वाटलं, आता हा भडकणार. "माझ्या पाळतीवर होतास ना?" तिने विचारलं.

"नाही गं. मीच डॉक्टर शोधत होतो. मला लिफ्टची भीती बसलीय."

ती हसली नाही. समोर येऊन बसली आणि "कधीपासून?" म्हणाली. मग त्याने सगळं सांगितलं, लिफ्टमधल्या बाई त्याला मूर्ख म्हणाल्या तेसुद्धा. ती मधे एकदाही बोलली नाही. असं ऐकून घ्यायला ती कुठे शिकली, हे त्याला आता विचारावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने तक्रार मागे घेतली. कंपनीने कारण विचारलं. "घोटाळा माझ्या घरचाच निघाला," एवढंच तो बोलू शकला. बाईंनी एका घरातली दोन माणसं घेत नाही म्हणून त्याला आपल्या एका सहकाऱ्याचं नाव दिलं. सगळं मार्गी लागलं. फक्त एक प्रश्न त्याला गप्प बसू देईना. जेवताना त्याने विचारलाच.

"तू तिथे माझ्याबद्दल काय सांगतेस?"

"तुझ्याबद्दल?" तिने आठवून पाहिलं. "घरी कोण कोण असतं, असं विचारलं होतं त्यांनी पहिल्या दिवशी. तेव्हा सांगितलं ना."

"आणि नंतर?"

"नंतर काही विषय नाही निघाला."

"वर्षभर?"

"अरे, मला माझी बहीण आहे, मुख्याध्यापिका आहेत. वेळ पुरत नाही." तिने त्याला आणखी वाढलं.

नवा डॉक्टर तळमजल्यावर बसायचा. त्याच्या पदव्या तपासायचं तपासनिसाला सुचलंही नाही. खुर्चीत टेकल्या टेकल्या डॉक्टरने विचारलं, "बोला, कसला त्रास होतोय?"

तपासनिसाने घसा साफ केला.

"इतक्या वर्षांचा संसार आहे, डॉक्टर," तो म्हणाला. "पण माझ्या बायकोला माझा काहीच त्रास होत नाही."