अवयव क्रमांक साडेअकरा

दुखणं देव देतो, पण ते कोणत्या शब्दांत सांगायचं हे समिती ठरवते, हे सत्य जगात सगळीकडे सारखंच लागू आहे. आमच्या कामिओरी नगरपालिकेनं एवढंच केलं, की ते छापून, प्लास्टिकचं आवरण चढवून दवाखान्याच्या भिंतीवर टांगलं.

कामिओरी म्हणजे जपानच्या पश्चिम किनाऱ्यावरचं, तीन हजार आठशे बारा वस्तीचं गाव. निम्म्याहून जास्त माणसं पासष्टीच्या पुढची. हृदयाची तक्रार असलेली चारशे सहा. गुडघे धरलेली किती, ते मोजलेलं नाही (मोजणाऱ्यांचेच धरले होते). राहायला असलेले परदेशी शून्य. अशा गावाला तातडीची गरज कशाची, हे शेंबडं पोरही सांगेल. परदेशी रुग्णांची इंग्रजीतून सोय करण्याची.

ही गरज अकरा वर्षांपूर्वी ज्यांना पहिल्यांदा जाणवली ते तेत्सुओ कुवाबारा, आरोग्य विभागाचे त्या वेळचे हेडक्लार्क. त्यांच्या पुढाकारानं नऊ जणांची समिती बसली, चौदा बैठका झाल्या आणि ‘आरोग्य, आहार व मानवी शरीर’ या विषयावर चौसष्ट इंग्रजी शब्दांची कार्डं तयार झाली. वर चित्र, खाली शब्द. परदेश्यानं बोट ठेवायचं, सिस्टरनं समजून घ्यायचं. पायाच्या अंगठ्याचं चित्र इतकं सुरेख उतरलं की ते दोनदा घेतलं, डावा आणि उजवा. पापणी घेतली, घोटा घेतला. स्वादुपिंडही घेतलं, कारण एका सभासदाच्या मेहुण्याला त्याचा त्रास होता आणि ते वगळणं बरं दिसलं नसतं.

घोडं अडलं ते आठव्या बैठकीत, छातीपाशी. महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाईंनी अतिशय नम्रपणे विचारलं, की या चित्रावर एखादा परका पुरुष सिस्टरच्या देखत बोट ठेवणार का? दवाखान्यातल्या शिओमी सिस्टर तेव्हा चोवीस वर्षांच्या आणि बिनलग्नाच्या होत्या. सगळ्यांनी आपापल्या चहाच्या पेल्यात पाहिलं. कुवाबारांना वादाचा मनापासून तिटकारा. त्यांनी ते कार्ड गाळण्याची सूचना मांडली. एकानं विचारलं, परदेशी माणसाच्या छातीतच दुखलं तर? कुवाबारांनी आकडेवारीनं उत्तर दिलं, की गावात आजवर परदेशी आला एक, आणि त्याच्या छातीत काहीही दुखत नव्हतं. (तो चुकीच्या बसमध्ये बसून आला होता. आमच्यापेक्षा चांगलं जपानी बोलला आणि ठणठणीत अवस्थेत निघून गेला. गावाला याचं अजून वाईट वाटतं.) ठराव एकमतानं मंजूर झाला. तेव्हापासून आमच्या भिंतीवर अकराव्या क्रमांकाला मान आहे आणि बाराव्याला पोट. मधे परदेशी माणसाला काही नाही.

कार्डं आली तशी तालीमही आली. दर नोव्हेंबरात एका बुधवारी दवाखान्यात परदेशी रुग्ण स्वीकारण्याची तालीम होते. बुधवारीच, कारण डॉक्टर मंगळवारी आणि शुक्रवारी येतात, आणि डॉक्टर असले की तालमीत व्यत्यय येतो. परदेशी माणसाचं काम निवृत्तीनंतर कुवाबारांकडेच आलं. उंची पाच फूट नऊ इंच आणि नाक जरा लांब, त्यामुळे दुसरं नाव सुचण्याचा प्रश्नच नव्हता. पाठीवर ‘परदेशी’ असं लिहिलेलं पिवळं जाकीट घातलं की ते मिस्टर ब्राउन होत. तालमीचे नियमही त्यांनीच लिहिले होते. त्यातला सातवा त्यांचा लाडका : ‘रुग्णाच्या तोंडून जपानी शब्द निघाल्यास तो ऐकू आला नाही असं समजावं.’ तिसऱ्या वर्षी एका मासेवाल्यानं मिस्टर ब्राउन असताना जपानीतून चहा मागितला होता आणि सगळी तालीम मातीत गेली होती, म्हणून.

घरीही त्यांची तयारी बारा महिने चाले. बायको नोबुए मुळ्याचं लोणचं वाढायला लागली की ते ताटलीकडे बोट दाखवून गंभीरपणे ‘सोडियम’ म्हणत. भात म्हणजे कार्बोहायड्रेट, टोफू म्हणजे प्रोटीन. नोबुए एकेचाळीस वर्षांच्या संसारात मुरलेली बाई. ती म्हणायची, “तुमच्या आईनं याला लोणचं म्हणून खाल्लं आणि नव्वदी पार केली. तुम्ही सोडियम म्हणून खा, बघू कुठवर जाताय.” आणि दोन फोडी जास्तच वाढायची.

यंदा तालमीच्या आधी तीन दिवस, देवळाच्या पायऱ्या चढताना, कुवाबारांच्या छातीवर काहीतरी येऊन बसलं. लोणच्याच्या पिंपावर ठेवतात त्या दगडासारखं. पायरीवर टेकले की उतरायचं. त्यांनी नोबुएला सांगितलं नाही, तिनं उगाच जिवाला घोर लावून घेतला असता. शुक्रवारी डॉक्टरांना सांगू असं ठरवलं. बुधवारी तालीम होती, आणि आधी आजारी पडून मिस्टर ब्राउनना रद्द करणं हा शुद्ध बेजबाबदारपणा झाला असता.

बुधवारी दहा वाजता सगळे जमले. नगराध्यक्ष, समिती, हातात पाट्या धरलेले सहा परीक्षक, दारात रुग्णवाहिका. विद्यमान विभागप्रमुख इगाराशी साहेबांच्या हातात घड्याळ. यंदाचा प्रसंग होता, ‘पर्यटकाचा उजवा अंगठा दारात सापडतो.’ कुवाबारा लंगडत आत आले. सगळं छान चाललं होतं. दहा वाजून चाळीस मिनिटांनी तो दगड पुन्हा छातीवर येऊन बसला, आणि या वेळी उतरेना.

कुवाबारांचा हात छातीवर गेला. कपाळावर घाम आला. एका परीक्षकानं लिहिलं, ‘घाम : वाखाणण्याजोगा.’

“पेन,” कुवाबारा म्हणाले, म्हणजे दुखतंय. शिओमी सिस्टरांनी हसतमुखानं अंगठ्याचं कार्ड पुढे केलं. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा छातीवर हात ठेवला. सिस्टर भिंतीकडे वळल्या. अकरावर बोट ठेवून त्यांनी इंग्रजीत विचारलं, मान? नाही. बारावर बोट ठेवलं. पोट? नाही. मग त्यांचं बोट दोन कार्डांमधल्या उघड्या भिंतीवर थांबलं, आणि त्यांनी इगाराशी साहेबांकडे पाहिलं.

इगाराशी साहेबांनी नियमावली उलटसुलट चाळली. अशा प्रसंगासाठी तरतूद नव्हती, पण माणूस पंचवीस वर्षं नोकरीत मुरलेला.

“अकरा आणि बाराच्या मधे आहे ना? मग साडेअकरा लिहा.”

साडेअकरा लिहिलं गेलं. नगराध्यक्षांनी या समयसूचकतेबद्दल मान डोलावली.

पुढचा रकाना दुखण्याची तीव्रता, एक ते दहा. कुवाबारांना मनातून नऊ वाटत होतं. पण लोक जमलेत, समोर नगराध्यक्ष, आणि पहिल्याच भेटीत नऊ सांगणं म्हणजे स्वतःचं फारच कौतुक करून घेणं. त्यांनी तीन बोटं दाखवली. मग आहारविषयक बावीस प्रश्न सुरू झाले, जे गाळून पुढे जाता येत नाही असा नियम कुवाबारांनीच केला होता. रोज न्याहारी करता का? यस. पालेभाज्या? यस. आहारात फायबर पुरेसं असतं का? कुवाबारांना आता मरणाची भीती वाटू लागली. साधी, गावठी भीती. वाळत घातलेली पर्सिमॉनची फळं कोण आत घेईल, नोबुएला बँकेचं पुस्तक सापडेल का, असली. जपानीत ओरडावं असं त्यांना फार वाटलं. पण ओरडलं तरी सातव्या नियमानुसार कोणाला ऐकू येणार नव्हतं, आणि नियमाला अपवाद ठेवू नये हा आग्रहही त्यांचाच. “यस,” ते म्हणाले.

दहाव्या प्रश्नाला नोबुए भाताच्या लाडवांची परात घेऊन आत आली. महिला मंडळाकडून खाणं तिच्याकडे होतं. त्या वेळी शिओमी सिस्टर ‘व्हिटॅमिन’ हा शब्द इतका वेडावाकडा उच्चारत होत्या की परीक्षकही चुळबुळले. कुवाबारा मात्र गप्प. नोबुए जागच्या जागी थांबली. एकेचाळीस वर्षांत या माणसानं कोणाची चूक दुरुस्त न करता सोडलेली तिनं पाहिली नव्हती. सासऱ्यांच्या अंत्यविधीला त्यांनी भिक्षूला मंत्रात थांबवलं होतं.

तिनं परात टेबलावर ठेवली आणि जवळ जाऊन विचारलं, “अहो, काय होतंय?”

ती तालमीच्या हद्दीत उभी होती. सव्वीस माणसं बघत होती. कुवाबारांनी ओठ ओले केले आणि चौसष्ट कार्डांच्या शेवटी छापलेलं वाक्य म्हणाले.

“आय ॲम फाइन, थँक यू.”

टाळ्या पडल्या.

“फाइन कसले, कानाच्या पाळ्या पांढऱ्या पडल्यात,” नोबुए म्हणाली. मग ती नगराध्यक्षांकडे वळली आणि मासळीबाजारात चालतो तो आवाज काढून म्हणाली, “माझ्या नवऱ्याच्या छातीत दुखतंय. छातीत. मानेखाली असते आणि पोटाच्या वर. तुम्हां सगळ्यांना आहे.”

अध्यक्षीणबाईंनी खाली पाहिलं. शिओमी सिस्टर लाल झाल्या, पण कार्डं खाली टाकून त्यांनीच आधी कुवाबारांचा हात धरला. आणि कुवाबारांनी, दगडाखाली दबलेले असतानाही, मनातल्या मनात सातवा नियम पुन्हा वाचला. तो फक्त रुग्णाला लागू होता. नोबुएचं बोलणं ऐकू आलं असं समजायला हरकत नव्हती. त्यांना अतोनात बरं वाटलं आणि ते खुर्चीवरून घसरले.

रुग्णवाहिका दारातच होती. अंगठ्यासाठी आणलेलं स्ट्रेचर छातीलाही चाललं. शहराच्या इस्पितळात अडतीस मिनिटांत पोचले. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, कसं दुखतंय? कुवाबारा म्हणाले, “लोणच्यावरच्या दगडासारखं.” डॉक्टरांनी दुसरा प्रश्न विचारला नाही. त्यांच्याही आईच्या घरी पिंप होतं.

कुवाबारा वाचले. महिन्याभरात हळूहळू चालायला लागले, आणि समितीच्या खास बैठकीलाही गेले. तालमीचा अहवाल वाचून दाखवण्यात आला. एकूण गुण ब्याण्णव. आठ कापले होते, कारण रुग्णानं आहाराचे तेरा प्रश्न अनुत्तरित ठेवले. नोबुएला ‘योग्य वेळी काढलेल्या मोठ्या आवाजाबद्दल’ आभारपत्र मिळालं, आणि पुढच्या वेळी तो आवाज बाहेरून काढावा अशी विनंतीही. मग छातीच्या कार्डाचा विषय निघाला. कुवाबारा उभे राहिले. शर्टाच्या आत टाक्यांची नवी शिवण होती. त्यांनी तोंड उघडलं, अध्यक्षीणबाईंकडे पाहिलं, आणि बसून म्हणाले की साडेअकरा हा शब्द आता रूढ झालाच आहे. ठराव एकमतानं मंजूर झाला. नव्या कार्डावर गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट आहे.

घरी आल्यावर नोबुए त्यांच्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं लोणचं वाढलं, अर्धी फोड.

वाचकहो, हसून झालं असेल तर एक छोटी तालीम करू. दवाखान्यात बाकावर आजूबाजूला चार माणसं बसली आहेत आणि तुम्हाला दुखणं सांगायचंय. तुम्ही हळूच ‘चेस्ट’ म्हणता. पोट बिघडलं तर ‘मोशन्स’ म्हणता. आणि घरातल्या बाईच्या हाताला जी गाठ लागली, ती कुठे लागली हे तिनं तुम्हाला कोणत्या भाषेत सांगितलं? किती महिन्यांनी सांगितलं? लाजेचे सगळे अवयव आपण केव्हाच इंग्रजीच्या घरी ठेवायला दिलेत, आणि ज्यांना इंग्रजी येत नाही त्या गप्प बसतात.

कामिओरीत निदान साडेअकरा तरी लिहून घेतात.