सात घरचे डोहाळे

हे बघ, तू आधी नुसतं ऐक, मधे बोलू नकोस. कडेगावच्या विजयमालेचं पोट दुसऱ्यांदा वाढायला लागलं आणि तिला पहिल्या दिवसापासून कळलं की हे बाळ नाही. बहात्तरच्या दुष्काळात मिरजेला तिच्या अंडाशयावरची नारळाएवढी गाठ काढली होती. "साधी पाण्याची गाठ आहे, जिवाला धोका नाही," डॉक्टर म्हणाले होते, "पण पुन्हा होऊ शकते." आता दोन वर्षांनी तीच डाव्या कुशीतली कळ, तोच जडपणा. त्यात नवरा मानसिंग फौजेतून दिवाळीला येऊन गेलेला, म्हणजे महिनेही नेमके जुळत होते.

सांगायचं कसं? मागच्या वेळीच चुलतसासरे आप्पासो सोप्यात बसून म्हणाले होते, "आणिक एकदा असं झालं तर हिला म्हायेरी धाडा. मानसिंगला दुसरी बघू."

तरी एका सकाळी तिनं हिय्या केला. सासू हरणाबाई भाकरी थापत होती.

"आत्याबाई, माजं पोट..."

"दिसतंय की. डोळं हायत मला." आणि पिठाच्या हातानंच बाहेर गेली, ती शेजारच्या रंगुबाईला गोड बातमी सांगूनच परत आली.

झालं! दुपारी दारात कासार, हिरव्या बांगड्या. दुसऱ्या दिवसापासून आळीतल्या सात घरांनी जेवणाच्या पाळ्या लावल्या. ती खरं सांगायला तोंड उघडायची, की कुणीतरी त्यात कानवला घालायचं.

"खा गं, दोन जिवांची हाईस."

रंगुबाईनं पोटावरून हात फिरवला. "डावीकडं जड हाय. पोरगीच."

विजयमाला न्हाणीत जाऊन तोंडात पदर कोंबून रडली. बाहेरून रंगुबाई म्हणाली, "वकारी येतीया व्हय? लय चांगलं."

आणि मग आप्पासोंनी माळ्यावरचा पाळणा काढून रंगवायला घेतला. ते मात्र तिला सोसेना. गोठ्यात जाऊन ती एका दमात बोलली, "आत्याबाई, ह्ये मूल न्हाई. परत तीच गाठ हाय."

हरणाबाई म्हशीला वैरण टाकत होती. हात थांबला नाही. "ठावं हाय."

"कवापासनं?"

"पयल्या दिसापासनं. कूस दाबून चालतीस तू. मागच्या बारीला बी तशीच चालायचीस."

"मग ह्या बांगड्या, ही जेवणं?"

"गाठ म्हणलं असतं तर आप्पासो त्याच दिशी पोरगी बघाया गेला असता. आता बसलाय पाळण्याला रंग देत. बेस्तरवारी मिरजंला जाऊन काढून येऊ. माघारी आल्यावर सांगू, जायच्या आदल्या दिशी सासूनं भरला हंडा उचलाय लावला, तिथं मिरजंत पोर गेलं. शिव्या मला देतील. देऊ देत."

मिरजेला नुसतं तपासायला नेते म्हणून हरणाबाईनं सांगितलं, तरी गुरुवारी अख्खी आळी एस्टी स्टँडवर. आप्पासोंनी रुमाल टाकून खिडकीची जागा धरली होती. "जपून न्या, वयनी. खड्डं लय हायत," म्हणाले, आणि डोळे पुसले.

गाडी हलली. हरणाबाई कुजबुजली, "हंडा नको. जिन्यावरनं पडली म्हणू."

"आपल्या घराला जिना कुठं हाय?"

"मग हंडाच." थोड्या वेळानं तिनं विजयमालेचा हात धरला. "लय दुखतंय का गं?"

विजयमाला हसायला गेली आणि रडूच आलं. खरं सांगावं तर घर जातंय. खोटं सांगावं तर जे बाळ कधी नव्हतंच, ते मारल्याचा ठपका ह्या बाईच्या कपाळी जन्मभर.

आता सांग मला, तू असतीस तर माघारी येऊन काय सांगितलं असतंस?