'आलोच' म्हणायचं नाही

जुम्माभाऊंच्या स्टँडवर 'आलोच' म्हणायला बंदी होती.

चंद्रपूरच्या गोंडकालीन परकोटाला लागून, दरवाजाच्या अगदी शेजारी, त्यांचा सायकल-स्कूटर स्टँड होता. माणूस लूना उभी करी, पितळी बिल्ला खिशात टाकी आणि सवयीने म्हणे, "आलोच." जुम्माभाऊ लूनाचं हँडल धरून ठेवत.

"आलोच नाई. कवा येता ते सांगा."

"अहो, बाजारात जाऊन येतो. आलोच!"

"म्हनजे कवा? चार वाजता, सहा वाजता, उद्या? काई तरी बोला ना राजेहो."

बल्लारपूरहून रोज येणारे एक कारकून एकदा चिडले. "जुम्माभाऊ, मी बायकोलेही टाईम सांगत नाई!"

"म्हनून तं बाई माहेरी जाऊन बसली."

ही गोष्ट खरी होती. कारकुनांनी सहाची वेळ सांगितली आणि ते सहाला आले.

आमच्या दैनिकाचं कार्यालय समोरच होतं. माझी राजदूत मोटारसायकलही तिथेच लागे. तिथे आणखी एक शब्द चालत नसे, हे मला दुसऱ्याच आठवड्यात कळलं. परकोटाच्या कडेला काही गाड्या वर्षानुवर्षं उभ्या होत्या. एक हिरवी लेडीज सायकल, सीट उसवलेली स्कूटर, पानपेटी बांधलेली लूना. मी सहज विचारलं, "या लावारिस गाड्या कोणाच्या?"

"लावारिस नाई," जुम्माभाऊ म्हणाले. "मालकाले उशीर झाला असन."

दर शुक्रवारी नमाजाला जाण्याआधी ते या गाड्या पुसत आणि त्यांत हवा भरत. हिरव्या सायकलचं मागचं चाक पंक्चर होतं. शुक्रवारी भरलेली हवा शनिवारपर्यंत टिकत नसे. पंक्चर का काढत नाही, असं विचारल्यावर त्यांनी माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं. "लोकाची वस्तू. इचारल्याबिगर खोलाची कशी?"

पुढे पालिकेने त्या जागी दुमजली पार्किंग बांधायचं ठरवलं. परकोट संरक्षित स्मारक असल्याने त्याला खेटून वीटही रचता येणार नाही, असं कळवण्यात आलं. बराच पत्रव्यवहार झाला. शेवटी असं ठरलं की, परकोटालगत लोखंडी कठडा आणि हिरवळ करायची, पलीकडे फरसबंद वाहनतळ करायचा आणि फाटक परकोटाकडून काढून मोठ्या रस्त्याकडे न्यायचं.

नागरिकांची मतं ऐकायला बैठक भरली. जुम्माभाऊ आपल्या रोजगाराबद्दल बोलतील अशी सगळ्यांची समजूत होती. ते उभे राहिले आणि म्हणाले, "बाकी काई बी करा. फाटक हालवू नोका."

"का?" अभियंत्यांनी विचारलं.

"लोकं जुन्या जागीच पाहाले येतीन ना."

"आम्ही मोठा बोर्ड लावू."

"वाचता येत नाई त्यानं का करायचं?"

सभागृहातल्या वारसाप्रेमी मंडळींनी टाळ्या वाजवल्या. परकोटाच्या मूळ वाटेचं महत्त्व सामान्य माणसाला कळलं, असं त्यांच्या अध्यक्षांनी सांगितलं. आठवड्याभरात जुम्माभाऊंना 'परकोटाचा पहारेकरी' म्हणून शाल आणि श्रीफळ मिळालं. छायाचित्र परकोटासमोर घेतलं गेलं. मागच्या दगडांत त्यांनीच ठोकलेले खिळे होते आणि खिळ्यांना टायर, पंप व जेवणाचा डबा टांगलेला होता. आम्ही छायाचित्र वरून कापून छापलं.

फाटक हलायचं ते हललंच.

काम सुरू होण्याआधी पालिकेचा माणूस कडेच्या गाड्या न्यायला ट्रक घेऊन आला. त्याने ट्रकला टांगलेल्या पाटीवर खडूने 'लावारिस वाहने' असं लिहिलं. जुम्माभाऊंनी हाताने पाटी पुसली. त्याने पुन्हा लिहिलं, त्यांनी पुन्हा पुसली. तिसऱ्यांदा त्याने नुसतं 'वाहने' लिहिलं आणि मग ते बाजूला झाले. ट्रकमध्ये चढवण्याआधी मात्र त्यांनी एकेका गाडीत हवा भरली, हिरव्या सायकलच्या मागच्या चाकातही.

"जुम्माभाऊ, यांचे मालक आता येणार नाहीत," मी म्हणालो.

पंप खिळ्याला लावत ते म्हणाले, "मले बी लावारिसच म्हनत होते, भाऊ."

मग त्यांनीच सांगितलं. त्यांची आई त्यांना अहेरीकडच्या जंगलातून चंद्रपूरला घेऊन आली होती. परकोटाच्या या दरवाजापाशी तिने पोराला दगडावर बसवलं. 'इथीच बस, हालू नोको, मी आलीच,' म्हणाली आणि बाजाराच्या दिशेने गेली. दिवस मावळला तेव्हा स्टँडच्या म्हाताऱ्या चाचांनी पोराला उचलून घरी नेलं. शुक्रवार होता, म्हणून नाव जुम्मा ठेवलं.

"गाव कोणतं?"

"तवा गाव म्हनजे घरच वाटे. नाव कोनाले ठावं?"

ट्रक निघाला. जुम्माभाऊ तो वळेपर्यंत पाहत राहिले.

नवा वाहनतळ झाला. ठेकेदाराने जुम्माभाऊंना खाकी गणवेश, शिट्टी आणि फाटकापाशी बसायला स्टूल दिलं. त्यांनी गणवेश घातला, शिट्टी खिशात ठेवली आणि स्टूल उचलून परकोटाच्या जुन्या दरवाजापाशी नेलं. ठेकेदाराने ते फाटकाशी परत आणलं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा दरवाजापाशी होतं. तेव्हापासून बिल्ला घ्यायला लोक गाडी ठेवून कठड्याला वळसा घालून जातात. नवखा माणूस कुरकुर करतो. त्याला कोणीतरी सांगतं, "वेळ सांगजा हं, 'आलोच' म्हनू नोका."

एकदा दुपारी मी बिल्ला द्यायला गेलो, तेव्हा ते उठले. "भाऊ, जरा बसा इथी. चाय पिऊन..." एवढं म्हणून ते थांबले. "चार वाजता येतो. कोनी इचारलं तं सांगजा, चाय प्याले गेला. निघून नाई गेला."

मी स्टुलावर बसलो. चार वाजायच्या आतच ते परतले.

"कोनी आलं होतं?"

"नाही," मी म्हणालो. ते उत्तर अचूक होतं, पण पुरेसं वाटेना. म्हणून पुढे म्हणालो, "उशीर झाला असन."

जुम्माभाऊंनी मान डोलावली, गळ्यातल्या दस्तीने स्टूल पुसलं आणि ते बसले.