चाळणीत अडकलेले नवरोबा

"हे ऐक," नवरोबा पेपरामागून म्हणाले. "माणसं दिवसभर काय करतात याची तीन देशांत पाहणी झाली. तिन्हीकडे हजारो पुरुषांचं उत्तर अगदी सारखं. चष्मा शोधणे, रोज पंचावन्न मिनिटं. घरकाम, चार मिनिटं." आणि ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले, इतके की चष्मा काढून टेबलावर ठेवावा लागला. "काय एकेक नग असतात जगात."

ऑफिसचा डबा भरणाऱ्या त्यांच्या बायकोचा, म्हणजे बाईंचा, हात थांबला. "किती मिनिटं म्हणालात?"

"चार. पुरुषस्वभावाचा मोठाच शोध लागलाय म्हणे."

बाईंनी डब्याचं झाकण उलटं लावलं, सरळ केलं, पुन्हा उलटं लावलं. तो नग त्यांच्या ओळखीचा होता. तो समोरच बसला होता आणि त्याचा चहा निवत होता.

बाई देशाच्या सांख्यिकी कार्यालयात कामाला होत्या. सहा वर्षं खपून त्यांनी 'चाळणी' नावाचा प्रोग्राम लिहिला होता. लोकांनी भरून दिलेले दिनचर्येचे तक्ते चाळायचे, चुका पकडायच्या आणि कुणी रकाना रिकामा सोडला असेल, तर त्याच्यासारख्याच दुसऱ्या माणसाचं उत्तर तिथे भरायचं, हे चाळणीचं काम. त्यामुळे ऑफिसात बाईंना सगळे चाळणबाई म्हणत. साहेबांच्या मागे लागून लागून त्यांनी ही चाळणी साऱ्या देशांच्या सांख्यिकी कार्यालयांना खुली करून दिली होती. घ्या, उघडून बघा, सुधारा आणि सुधारलेली परत द्या. तीन देशांनी ती घेतली होती. आज अकरा वाजता पडद्यावर बैठक होती आणि तीत आणखी नऊ देश ठरवणार होते. त्यांनी नाही म्हटलं, की चाळणी बासनात जाणार आणि साहेब विकतचा प्रोग्राम आणणार. त्या विक्रेत्याला त्यांनी सकाळी साडेदहालाच बोलावून ठेवलं होतं.

आता या सगळ्यात नवरोबा कसे शिरले? चाळणी खुली करताना सोबत नमुन्याचा एक तक्ता द्यावा लागणार होता. लोकांची माहिती बाहेर जाऊ द्यायची नाही अशी बाईंनी नोकरीला लागताना शपथ घेतलेली. शपथ म्हणजे शपथ. मग एका रविवारी त्या घड्याळ घेऊन नवऱ्यासमोर बसल्या आणि दिवसभर टिपत राहिल्या.

"काय लिहितेस गं?" त्यांनी दोनदा विचारलं होतं.

"किराणा," बाईंनी दोनदा सांगितलं होतं.

घरकामाची चार मिनिटं अगदी न्यायाने मोजलेली होती. स्वतःचा कप उचलून ओट्यापर्यंत नेणे, दोन मिनिटं. तो नेमका कुठे ठेवायचा हे विचारणे, दोन मिनिटं.

हा नमुना काम सुरू करण्याआधी काढून टाकायचा असतो. बाई तो दर वेळी हाताने काढत, इतक्या सवयीने, की तसं सूचनांमध्ये लिहायचं त्यांना सुचलंच नव्हतं. त्या तशाच उठल्या, टेबलावरचा चष्मा पर्समध्ये कोंबला आणि निघाल्या.

ऑफिसात पोचल्यावर चष्मा लावला, तर समोरचं सगळं धूसर. चष्मा नवरोबांचा होता. कॉम्प्युटरला नाक लावून बाईंनी तिन्ही देशांच्या चाळण्या उघडल्या. पहिला तक्ता, एकही रकाना रिकामा नाही, पुरुष, वय त्रेसष्ट, निवृत्त. नवरोबा तिन्हीकडे जसेच्या तसे बसले होते. आणि ज्या ज्या पुरुषाने घरकामाचा रकाना रिकामा सोडला होता, त्याला चाळणीने, पहिला पूर्ण तक्ता हाच म्हणून, नवरोबांची अख्खी दिनचर्या वाटून दिली होती. असे पुरुष निघाले एकूण अकरा हजार सातशे.

बाई धावत साहेबांच्या खोलीत गेल्या. साहेबांनी सगळं ऐकलं आणि दार लावून घेतलं.

"बाई, हे आणखी कुणाला माहितीये?"

"मला."

"मग मलाही माहीत नाही असं समजा. नऊ देश हो म्हणू देत, मग बघू."

"साहेब, चाळणी खुली आहे. आज ना उद्या कुणीतरी उघडून बघणारच. ते बघण्यासाठीच तर ती खुली केली."

"तुमची सहा वर्षं जातील, बाई."

बाईंना ते माहीत होतं. पण चुकलेला आकडा माहीत असून गप्प बसायचं, हे त्यांना या जन्मात जमणार नव्हतं. त्या सरळ बैठकीच्या खोलीत जाऊन बसल्या.

अकराला पडदा उजळला आणि बारा देशांचे बारा चौकोन दिसू लागले. बाईंनी घसा साफ केला. "सुरुवातीलाच एक सांगते. पेपरात आलेला तो चष्मेवाला पुरुष तुमच्या देशातला नाही. तो माझा नवरा आहे."

साहेबांनी डोळे मिटले. नेमकं तेव्हाच दार उघडलं आणि एका हातात बाईंचा चष्मा धरून, डोळे बारीक करत नवरोबा आत आले.

"अगं, माझा चष्मा घेऊन आलीस की काय? सगळं घर पालथं घातलं."

"किती वेळ शोधलात?" पडद्यावरून एका बाईंनी विचारलं. त्या चाळणी घेतलेल्या तीन देशांपैकी बेटांवरच्या देशाच्या प्रमुख होत्या.

"तासभर तरी," नवरोबा पडद्याला म्हणाले आणि मग दचकले. "या कोण?"

"पंचावन्न मिनिटं असतील," बेटांवरच्या बाई आनंदाने म्हणाल्या. "या, बसा. तुम्हाला बघायची फार इच्छा होती."

त्यांनी सांगितलं, ते असं. इतक्या पुरुषांचं उत्तर मिनिटामिनिटाला सारखं, याचा त्यांना आठवड्यापूर्वीच संशय आला होता. त्यांनी चाळणी उघडली, पहिल्याच तक्त्यात हे गृहस्थ सापडले. मग रकाना रिकामा सोडणाऱ्या प्रत्येक पुरुषाला त्यांनी फोन करून खरं उत्तर विचारलं. नमुना आपोआप गळावा अशी सोय करून सुधारलेली चाळणी काल परतही पाठवली होती. चाळणबाईंनी अजून टपाल उघडलं नव्हतं, एवढंच.

"विकतच्या बंद डब्यात असते ना, तर हे आम्हाला जन्मात सापडले नसते," त्या म्हणाल्या. "आम्ही चाळणी सोडणार नाही."

एक हात वर झाला. मग तिसऱ्या रांगेतला. मग डोंगराळ देशवाल्यांनी दोन्ही हात वर केले. बाईंनी नवऱ्याच्या हातातला चष्मा ओढून घेतला, डोळ्यांवर चढवला आणि मोजलं. नऊ. पुन्हा मोजलं, नऊच. त्यांना इतका आनंद झाला, की त्यांनी चुकून साहेबांशीच हस्तांदोलन केलं. हात सुटताच साहेब, मी पहिल्यापासून हेच म्हणत होतो, असं विक्रेत्याला सांगायला बाहेर गेलेही.

"थांबा, एक राहिलं," बेटांवरच्या बाई म्हणाल्या. "खरी उत्तरं आली ना, त्यात घरकामाची सरासरी पावणेतीन मिनिटं निघाली. तुमच्या यजमानांमुळे आमचे पुरुष उगाच कामसू दिसत होते."

"आणि चष्मा शोधणं?" बाईंनी विचारलं.

"शून्य. आमचे पुरुष चष्मा शोधत नाहीत. बायकोला विचारतात."

परतताना रस्त्यात नवरोबांची चाल ऐटदार झालेली होती.

संध्याकाळी चहा झाला. बाईंनी नवी चाळणी उघडून बघितली, नमुना खरोखरच गळत होता. नवरोबांचा रिकामा कप टेबलावर तसाच होता.

"अहो, कप?" बाई म्हणाल्या.

"राहू दे," नवरोबा पेपर उघडत म्हणाले. "आधीच सव्वा मिनिट पुढे आहे मी. आणखी किती पुढे जाऊ?"