पाणी न घातलेला देव

आमच्या कासुर्डीच्या दूध केंद्रावर कुणी येशू ख्रिस्ताला 'मोठा संत' म्हणालं, की साळवेमामा हातातलं माप खाली ठेवतात आणि म्हणतात, "पाणी घातलंत."

मीही घातलं होतं. केंद्राची सचिव म्हणून नवीनच आले होते. मामा केंद्रावर दूध तपासणारे, त्यांचं गावातलं एकमेव ख्रिस्ती घर, तेव्हा चार शब्द गोड बोलावेत म्हणून म्हटलं, "आम्हीही मानतो हो येशूला. फार चांगला माणूस होता."

"माणूस व्हताच. पुरा माणूस. पण देव बी पुरा. तुम्ही निम्माच सांगितला, ताई."

मग त्यांनी मला यंत्रापुढं उभं केलं. दुधाचा नमुना घातला की त्यावर दोन आकडे येतात. एक फॅटचा आणि दुसरा एसएनएफचा, म्हणजे फॅट सोडून दुधात जे सत्त्व असतं त्याचा. "आकडं दोन, दूध एकच. फॅट हाय म्हणून एसएनएफ घटत न्हाई. तसा त्यो. फिफ्टी-फिफ्टी न्हाई. देव शंभर टक्के, माणूस शंभर टक्के."

"म्हणजे एकूण दोनशे टक्के?"

"व्हय," मामा म्हणाले आणि दूध घालायला आलेल्या पुढच्या माणसाची किटली उघडली.

हिशेब मला आजही पटलेला नाही. माणूस मात्र पहिल्या दिवशीच पटला.

रविवारी ते दौंडला चर्चला जातात. तिथंही सुटका नाही. एकदा पाहुण्या वक्त्यानं 'येशूचं थोर व्यक्तिमत्त्व' असा विषय घेतला, तर मामा मधेच उठून म्हणाले, "व्यक्तिमत्त्व कंपनीच्या ट्रेनिंगात शिकवत्यात. हितं देव सांगा." हे मला त्यांनीच सांगितलं, आणि सांगताना चेहऱ्यावर पश्चात्ताप औषधालाही नव्हता.

कामातही तसेच. आमचे चेअरमन तात्या म्हणजे गावातलं मोठं प्रस्थ. त्यांच्या गोठ्यातला कॅन पातळ निघाला, तर मामांनी सगळ्यांदेखत परत पाठवला. तात्या दोन दिवस केंद्राकडं फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी घट्ट दूध घेऊन आले आणि मामांच्या बाकावर बसून चहा मागितला. तेव्हापासून रोज सकाळी त्या बाकावर दोघांचा चहा होतो. मामांची बायको मार्थाबाई तीन वर्षांपूर्वी गेल्या. मूलबाळ नाही. दिवसभरात त्यांच्याशी दुधाखेरीज दुसऱ्या विषयावर बोलणारा माणूस म्हणजे एकटे तात्या.

म्हणून गेल्या नाताळात मला धास्ती वाटली, ही मैत्री तुटते की काय.

सकाळी येऊन बघते, तर केंद्राच्या दारावर भला मोठा फ्लेक्स. 'थोर संत येशू ख्रिस्त यांच्या जयंतीनिमित्त हार्दिक शुभेच्छा.' खाली हात जोडलेले तात्या, शेजारी मामांचा फोटो, येशूपेक्षा दुप्पट मोठा. तात्यांनी कुणाला न सांगता स्वतः यवतला जाऊन छापून आणला होता. खाली उभे राहून ते मामांची वाट बघत होते.

मामा आले. सायकल लावली. वाचलं. बराच वेळ वाचलं.

"कसा हाय?" तात्या म्हणाले.

"फोटू झ्याक. जयंती बी चालंल, जल्म झालाय त्याचा. पण तात्या, त्ये 'थोर संत' काढा."

तात्यांचा चेहरा पडला, मग लाल झाला. "संत म्हणलं, शिवी न्हाई दिली! गावात कुणी केलं आसतं का तुमच्यासाठी एवढं?"

"कुणीच न्हाई."

"मग ऱ्हाऊ द्या की! आन् न्हाईच पटत, तर उद्यापासनं चहा बी नगं!"

दूध घालायला आलेली माणसं किटल्या खाली ठेवून बघायला लागली. मला वाटलं, आता तरी मामांनी एकदा डोळेझाक करावी. एका शब्दानं कुणाचं काय बिघडतं?

मामांनी टोपी काढली. "मार्थाला दौंडच्या कबरस्तानात नेली, तवा पुढचा खांदा तुमचा व्हता. आठवतंय?"

तात्यांनी मान हलवली.

"माती टाकताना मी म्हणलो, परभू, तुझ्या हवाली केली. आता त्यो नुसता थोर माणूस आसंल, तर त्यो बी मेला, ती बी मेली. मग रोज सांजच्याला भाकरी टाकताना मी इचारतो, मार्था बरी हाय का, त्ये कुणाला इचारतो तात्या? तव्याला?"

रस्त्यावर कुणाची तरी म्हैस ओरडली. तात्यांनी धोतराचा सोगा खोचला.

"ताई, शिडी आणा."

कॅनवर नंबर घालायचा पांढरा रंग केंद्रात असतोच. वयाच्या सत्तरीत चेअरमन स्वतः वर चढले आणि 'थोर संत' रंगानं बुजवायला लागले. रंग त्यांच्याच फोटोवर ओघळला, तरी थांबले नाहीत.

"नीट झालं का?" त्यांनी वरूनच विचारलं.

"झालं. उतरा आता, चहा निवतोय," मामा म्हणाले.

तात्या उतरले नाहीत. ब्रश तसाच हातात, तोंड फ्लेक्सकडं.

"साळवे, आज सांजच्याला इचाराल, तवा माझंबी इचारा. म्हणावं, तात्या इचारत व्हता, वहिनी बऱ्या हायत का."

शिडीचा एक पाय आखूड आहे. मी खाली बघत ती घट्ट धरून उभी राहिले.