समतेचं घंगाळ

"निम्म्या बाटल्यांत खरं औषध आहे, निम्म्यांत नुसता खडू आणि साखर," डॉक्टर प्रभाकर तिसऱ्यांदा सांगत होते. "गोळ्या दिसायला सारख्याच. कुणाला काय मिळालं ते तुम्हाला ठाऊक नाही, मलाही नाही. यादी विद्यापीठाच्या कपाटात. तीन महिन्यांनी दोन्ही गट ताडून पाहिले, की औषधात दम आहे की नाही ते कळेल."

डोंबिवलीतल्या त्या चाळीचे वीस दुखरे गुडघे-मालक गॅलरीत बसून माना हलवत होते. हरिहरनाना तेवढे हलवत नव्हते. रेल्वेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला हा गृहस्थ अर्ध्या हळकुंडाने पिवळा होणाऱ्यांपैकी. समोरच्याचं वाक्य संपण्याआधीच त्यांना ते समजलेलं असे, आणि बहुधा चुकीचंच.

पण या वेळी नानांना गरज होती. मार्गशीर्षात त्यांच्या लेकीचं, उत्तराचं लग्न. कन्यादानाला पाटावर मांडी घालून बसायचं, तर गुडघे मोडायलाच तयार नाहीत. "नाहीतर त्र्यंबकभावजी बसतील," असं त्यांच्या पत्नी प्रमोदिनीबाई एकदा बोलून गेल्या. ज्या धाकट्या भावाला नाना तीस वर्षं बिनडोक म्हणत आले, तो आपल्या लेकीचं कन्यादान करणार! नाना त्या दिवशी जेवले नाहीत.

डॉक्टर गेल्यावर चाळीत भांडी घासणाऱ्या गंगुबाईंनी विचारलं, "नाना, म्हंजे नक्की करायचं काय?"

"सोप्या भाषेत सांगतो," नाना म्हणाले. इथेच घात झाला. "समजा, सत्यनारायणाला निम्म्या लोकांना शिरा वाढला आणि निम्म्यांना माती. चालेल?"

"न्हाई बा."

"मग! घटनेनं आपल्याला समता दिली, ती काय खडू खायला? प्रमोदिनी, घंगाळ काढ!"

"अवो नाना, पन डाक्टर म्हनाले, ज्याची बाटली त्यानंच खायची."

"डॉक्टर पोरगेला आहे. त्याला कसला अनुभव?"

वीस बाटल्या पितळी घंगाळात रिकाम्या झाल्या. नानांनी डावाने गोळ्या ढवळल्या आणि बाटल्या पुन्हा भरल्या. आता प्रत्येकाच्या वाट्याला निम्मं औषध, निम्मा खडू. अन्याय संपला म्हणून चाळीने टाळ्यासुद्धा वाजवल्या.

आणि गुण आला! निम्म्या औषधानेही महिन्याभरात गुडघे वाकू लागले. नाना रोज संध्याकाळी पाट मांडून कन्यादानाची तालीम करू लागले. शेजारी प्रमोदिनीबाई, आणि नवरदेवाच्या जागी नारळ.

तीन महिन्यांनी डॉक्टर पडेल चेहऱ्याने आले. लग्न पंधरा दिवसांवर होतं.

"दोन्ही गटांना अगदी सारखाच आराम पडलाय," ते म्हणाले. "खडूवाल्यांनाही तेवढाच. म्हणजे औषधाचा उपयोग शून्य. ते बंद करायचं ठरलंय. उरलेल्या बाटल्या परत द्या."

"एकच शंका आहे," डॉक्टर म्हणाले. "गोळ्यांची सरमिसळ तर नाही ना झाली? झाली असेल तर मोकळेपणी सांगा. मी पुन्हा चाचणी मागून घेतो, सगळ्यांना औषध चालू राहील."

चाळ नानांकडे बघू लागली. गंगुबाई हळूच म्हणाल्या, "नाना, बोला की!"

एक शब्द बोलले असते, तर गुडघे वाचले असते. पण चूक कबूल करायची म्हणजे आपण चुकू शकतो हे मान्य करणं आलं. त्या थराला नाना कधीच गेले नव्हते.

"डॉक्टर," ते छाती काढून म्हणाले, "तेहतीस वर्षं हेडक्लार्की केलीय मी. माझ्या देखत असली गफलत होईल?"

डॉक्टरांचं समाधान झालं. त्यांनी तसं लिहून घेतलं आणि बाटल्या पिशवीत भरल्या.

लग्नाच्या दिवशी नानांचे गुडघे टम्म सुजले होते. पाटावर बिनडोक त्र्यंबक ऐटीत मांडी घालून बसला होता, आणि मुलीचा बाप मांडवाच्या खांबाशी, खुर्चीत. लेकीचा हात दुसऱ्याने दिलेला बघताना त्यांचे डोळे भरून आले.

व्याह्यांनी सहानुभूतीने विचारलं, "काही औषध नाही का केलंत?"

नानांनी उपरण्याने डोळे पुसले. "केलं तर! विद्यापीठाचं होतं. सोप्या भाषेत सांगू? निव्वळ खडू निघाला हो."